मोहोळ पेटीत घेण्याआधी

“भाऊ, निंबावर मोहोय बसलं, पेटी घेऊन या ना लवकर,” असा फोन आला की निघण्याआधी मी काही गोष्टी विचारून घेतो. पोळं उघड्यावर आहे की ढोलीत, भिंतीत? उघड्यावर असेल तर केवढं? आणि पोळं न बांधता नुसत्या माशाच घोसाने लटकल्या असतील, तर केव्हापासून? ही विचारपूस न करता पेटी उचलून धावलेले लोक मी पाहिले आहेत. कुणी डंख खाऊन परतलं, कुणाची पेटी दोन-चार दिवसांत रिकामी झाली, आणि नुकसान बहुतेक वेळा माशांचंच झालं.

रिसोड तालुक्यात माझी शेती आहे. तूर, हरभरा असतोच, पण माशांकडे वळलो तो कांद्याच्या बियाण्यामुळे. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर कुणीतरी नेऊन ठेवावे लागतात. ते काम मुख्यतः माशीचं. शेतात माशी नसेल तर गोंडे छान फुलतात, पण झोडपल्यावर हाती भुसा जास्त आणि बी कमी लागतं. बांधावर पेट्या असाव्यात असं वाटू लागलं ते तेव्हापासून. विकतच्या वसाहती महाग, म्हणून रानातली मोहोळं पेटीत घ्यायचं शिकलो.

आधी माशी ओळखा. आपल्या भागात रानात सापडणाऱ्या मधमाशा मुख्यतः तीन. आग्या माशी वडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीला, पुलाखाली एकच मोठं पोळं टांगते. फुलोरी बाभळीच्या किंवा बोरीच्या झुडपात काडीभोवती तळहाताएवढं पोळं करते. या दोघी उघड्यावर राहणाऱ्या आणि एकाच पोळ्याच्या, त्यामुळे त्यांना पेटीत कोंडून काही उपयोग नाही. पेटीत राहते ती सातेरी, कारण ती मुळातच अंधाऱ्या पोकळीत, शेजारी शेजारी अनेक पोळी बांधून राहते. झाडाची ढोली, विहिरीची कपार, जुन्या मातीच्या घराची भिंत ही तिची घरं. चौथी मेलीफेरा. ती परदेशी, मधपाळांच्या पेट्यांमधूनच इकडे येते.

आग्याच्या बाबतीत मला हात जोडून सांगायचं आहे की टेंभा लावू नका. रात्री पेटता टेंभा धरून अख्खं मोहोळ जाळायचं आणि मध पिळायचा, हे अजूनही गावोगाव चालतं. वाचलेल्या माशा दुसऱ्या दिवशी वाटेने जाणाऱ्या माणसावर, बैलावर तुटून पडतात. आग्या मोहोळ शाळेच्या किंवा देवळाच्या इमारतीला बसलं तरी दगड, धूर, फटाके यांपासून त्याला दूर ठेवलं तर ते सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. ही माशी फिरस्ती आहे. पावसाळ्यानंतर येते आणि फुलोरा संपला की आपणहून उठते, मागे रिकामं पोळं राहतं. मध हवाच असेल तर वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसमधून डॉ. गोपाल पालीवाल यांनी जी पद्धत रुजवली ती शिकून घ्यावी. संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माशा तिथेच राहतात आणि मध पुन्हा भरतात.

आता सातेरी. तिला पेटीत घेण्याचे प्रसंग दोन, आणि दोन्हींची रीत अगदी वेगळी.

पहिला प्रसंग सुटलेल्या थव्याचा. वसाहत भरली, फुलोरा चांगला असला की जुनी राणी निम्म्याअधिक माशा घेऊन बाहेर पडते आणि जवळच्या फांदीवर थवा लटकतो. जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात अशा थव्यांचं निरीक्षण करून दाखवून दिलं की काही माशा जागा शोधायला जातात, परत येऊन नाचाने तिची दिशा आणि अंतर सांगतात, आणि एका जागेवर एकमत झालं की सगळा थवा उठतो. म्हणून ‘केव्हापासून लटकलाय’ हा प्रश्न महत्त्वाचा. सकाळी बसलेला थवा दुपारी जागेवर असेलच असं नाही. या माशा पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात, राखायला पिल्लं नसतात, त्यामुळे त्या शांत असतात. मात्र बरेच दिवस लटकलेला, उपाशी थवा तसा शांत राहत नाही.

असा थवा घेताना घाई नको. पाण्याचा बारीक फवारा मारला की माशा घट्ट बसतात. खाली सुती कापड लावलेली टोपली धरून फांदीला एकच जोराचा झटका द्यायचा. हळूहळू हलवलं तर त्या उडत राहतात. टोपलीतल्या माशा चौकटी लावलेल्या पेटीत ओतल्या की पेटी तिथेच सावलीत ठेवायची आणि दारावर नजर ठेवायची. काही माशा दारात पोट वर करून पंख हलवू लागल्या तर राणी आत आली असं समजावं, कारण त्या वासाने बाहेरच्यांना बोलावत असतात. उलट आतल्या माशा बाहेर येऊन पुन्हा फांदीकडे जाऊ लागल्या तर राणी वर राहिली. पेटी हलवायची ती अंधार पडल्यावरच. तुमच्याकडे आधीची निरोगी वसाहत असेल तर तिच्यातली पिल्लांची एक चौकट नव्या पेटीत द्या. पिल्लं सोडून जायला माशी सहसा तयार होत नाही.

राणी पळू नये म्हणून पेटीच्या दाराला जाळी लावतात. तिच्यातून कामकरी माशी जाते, राणी जात नाही. जाळी उपयोगाची, पण ती दोन-तीन दिवसांपुरतीच. थवा लहान असेल आणि त्यासोबत कोवळी, न फळलेली राणी असेल, तर जाळी लावून ठेवणं म्हणजे वसाहत संपवणं. त्या राणीला नरांशी मीलनासाठी बाहेर उडावंच लागतं. हे मला एका जुन्या मधपाळाने सांगितलं. विकत आणलेल्या पेटीसोबतच्या कागदात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

दुसरा प्रसंग भिंतीतल्या, ढोलीतल्या बसलेल्या वसाहतीचा. इथेच जास्त लोक फसतात.

शेजारच्या गावात एक धाब्याचं घर पाडायचं ठरलं होतं. भिंतीत सातेरी कित्येक वर्षं होती. महिना चैत्राचा, मजूर ठरलेले, घरमालकाला थांबणं शक्य नव्हतं. भिंत खोलली, धूर अगदी बेताचा दिला, पिल्लांची पोळी कापून चौकटीत बांधली, राणी सापडली. काम नीट झालं. तरी ती वसाहत महिनाभरात पेटी सोडून गेली.

कारणं नंतर एकेक कळली. विक्रेत्याने सातेरीची म्हणून दिलेली पेटी खरं तर मेलीफेराच्या मापाची होती. मेलीफेरा अंगाने मोठी, तिच्या पोळ्याची घरं मोठी, चौकटींमधलं अंतरही जास्त. चौकटीत बसवलेल्या तिच्या मापाच्या मेणपत्र्यावर सातेरीने घरं नीट बांधलीच नाहीत. चौकटींमध्ये आडवीतिडवी पोळी केली आणि त्यानंतर पेटी तपासणं म्हणजे दर वेळी पोळं मोडणं झालं. त्यात चैत्र-वैशाखाचं ऊन, वरून पत्रा आणि रानात फूल नाही. आमच्याकडे कडुनिंब, करंज संपले की पाऊस पडेपर्यंत माशीच्या हाती फारसं काही लागत नाही. शेवटी मुंग्या लागल्या. पराग येणं थांबलं, राणीने अंडी घालणं बंद केलं, साठवलेला मध संपला. ही निघून जाण्याची तयारी असते, आणि ती वेळीच ओळखता येते.

म्हणून पेटी घेताना चौकटीचं माप आणि चौकटींमधलं अंतर सातेरीचं आहे ना, हे जाणत्या माणसाला दाखवून घ्या. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, त्याशिवाय मुंगी थांबत नाही. दार पूर्वेकडे, पेटी दाट सावलीत, वैशाखात वर ओलं गोणपाट, आणि जवळच उथळ भांड्यात पाणी व त्यात खडे, म्हणजे माशी बुडणार नाही. साखरपाणी निम्मं-निम्मं करून संध्याकाळी पेटीच्या आत द्या. बाहेर थेंबही सांडू देऊ नका, दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटायला येतात.

पोळी बांधताना पिल्लांचीच घ्या, आणि ती जशी टांगलेली होती तशीच उभी ठेवा, उलटी नाही. केळीच्या सोपटाचा धागा सगळ्यात चांगला, माशा तो नंतर कुरतडून बाहेर टाकतात. मधाने भरलेली पोळी पेटीत ठेवण्याचा मोह होतो, पण ती जड आणि मऊ असतात, उन्हात खाली कोसळतात आणि माशा त्यात चिकटून मरतात. पोळी घेण्याआधी पिल्लं नीट पाहा. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या झाल्या असतील तर ती वसाहत आपल्या पेट्यांजवळ आणू नका. थाई सॅकब्रूड या विषाणूच्या रोगाने १९९१-९२ पासून दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या होत्या. आणखी एक: बसलेली वसाहत त्याच गावात दोनशे-चारशे पावलांवर नेऊन ठेवली तर चरायला गेलेल्या माशा जुन्याच भिंतीपाशी परततात. तिला दोन-तीन किलोमीटर लांब न्या आणि जुनी पोकळी मातीने लिंपून टाका.

डंखाबद्दल लोक शौर्याने बोलतात. ते मला पटत नाही. माझ्यासोबत आलेल्या एका तरुणाला एकच डंख बसला आणि थोड्या वेळात ओठ, डोळे सुजले, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. दवाखाना जवळ होता म्हणून तो वाचला. ज्याला पूर्वी असा त्रास झाला आहे त्याने या कामाला येऊच नये. डंख बसला की काटा नखाने लगेच खरडून काढा आणि तिथून दूर व्हा, कारण काट्यासोबत सुटणारा पिकल्या केळ्यासारखा वास इतर माशांना चिथावतो. चेहऱ्यावर जाळी असल्याशिवाय आणि सोबतीला माणूस असल्याशिवाय भिंत खोलू नका. काटेपूर्णा किंवा कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या हद्दीतल्या मोहोळाला हात लावणं तर वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

माझ्या अनुभवाने आमच्याकडचा हंगाम दिवाळीनंतरचा. तूर फुलते, मग मोहरी, कोथिंबीर, करडई, आणि माघ-फाल्गुनात कांद्याचे गोंडे. या दिवसांत घेतलेली वसाहत उन्हाळ्याआधी सावरते. पहिली पेटी घेण्याआधी शिकून घ्या. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण आणि निम्मं अनुदान मिळतं, अर्ज मंडळाच्या जिल्हा कार्यालयात करता येतो. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे एकदा जाऊन या. आपला जिल्हा सह्याद्रीसारखा हिरवा नाही, म्हणून तिथली सगळी रीत इथे उतरणार नाही, पण पेटी कशी हाताळायची ते तिथल्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे.

आणि ढोलीतली वसाहत सुखरूप असेल, झाड तुटणार नसेल, भिंत पडणार नसेल, तर तिला काढू नका. तिथे राहूनही ती तुमच्या कांद्यावर, तुरीवर येतेच. पेटीत घ्या ती फांदीवर लटकलेली किंवा उद्या उद्ध्वस्त होणार असलेली. बीजोत्पादन करणाऱ्या माझ्या शेतकरी भावांना एक विनंती: गोंडे फुलात असताना कीटकनाशक शक्यतो टाळा, अगदीच नाइलाज असेल तर माशा घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारा, आणि शेजारी कुणाच्या पेट्या असतील तर आदल्या दिवशी त्याला फोन करा. दार बंद करून पेट्या झाकायला त्याला एक रात्र पुरते.