घरावर घोर असताना पैशाचा धोका किती घ्यावा?



पाण्याची भीती काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण ती भीती आपल्या पैशाच्या निर्णयातही शिरते. आज तेवढंच समजून घेऊ.

बडोद्याचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीला मोठा पूर आला. धोक्याची पातळी 25 फूट, पाणी गेलं 35 फुटांच्या वर. वस्त्यांत पाणी आणि पाण्यात मगरी! समजा, तिथल्या एका दुकानदाराचा माल पुरातून वाचला. तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा असं झालं तर म्हाताऱ्या आईला कुठे न्यायचं, हा घोर राहतोच. हा धोका पैशाचा नाही. पण तो मनात असला की माणूस पैशाच्या बाबतीतही हात आखडतो.

इंडोनेशियातल्या खेड्यांत अभ्यासकांनी लोकांना खरे पैसे लावून निवड करायला सांगितलं. ज्या गावांनी नुकताच पूर किंवा भूकंप सोसला होता, तिथे कमी धोक्याचा पर्याय घेणारे जास्त निघाले.

आता आपलं गणित. समजा, हंगामाअखेर 1 लाख रुपये उरले.

👉 पहिली वाट: बँकेत ठेव. वर्षाला 6 हजार, नक्की.
👉 दुसरी वाट: कुणाच्या धंद्यात भागी. जमलं तर 30 हजार फायदा, नाही तर 10 हजार तोटा. शक्यता निम्मी-निम्मी.

सरासरी काढली तर दुसऱ्या वाटेला 10 हजार सुटतात. कागदावर तीच बरी. पण त्याच वर्षी नाखवा बोटीवर पडून जायबंदी झाला तर? तोटा तोच 10 हजारांचा, पण दवाखान्याच्या दारात तो फार मोठा वाटतो. त्यातून भागी मासळीच्याच धंद्यात असेल, तर एकाच वादळात बोटही किनाऱ्याला आणि भागीही बुडीत.

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: घरावर वाईट वेळ आली तर तेव्हा मला पैसा जास्त लागेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर पहिली वाट धरणं हा भित्रेपणा नव्हे, शहाणपण आहे.

मग धोका घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण आधी पाठीमागचा धोका कमी करून. लाइफ जॅकेट, चालू वायरलेस, हवामानाचा इशारा हे तर हवंच. शिवाय प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, दवाखान्यासाठी 25 हजारांपर्यंत. हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. बोट मालकांनो, तांडेल-खलाशांची नावंही त्यात आहेत ना, बघून घ्या.

नवं इंजिन असो की भागी, सही करण्याआधी घरच्या बाईमाणसाला सोबत घेऊन हा हिशेब एकदा मांडा. 🙏