परसातील मिरची

मराठी घरांच्या परसात न्हाणीचे पाणी जेथून वाहते, तेथे अळू आणि केळ लावण्याची जुनी रीत आहे. त्यांना पाणी कितीही चालते. मिरचीचे रोप मात्र त्या ओलीपासून दूर, थोड्या उंचवट्यावर, दिवसभर ऊन लागेल अशा जागी दिसते. चुलीवर तेल तापू लागले, की घरातील मुलाला हाक येते, "बाळ, परसातून चार मिरच्या तोडून आण." मुलगा धावत जातो आणि मिरच्या आणून देतो. त्या कोठून आल्या, असे कोणी विचारले, तर "आमच्या परसातून," एवढेच तो सांगेल. आणि त्याचे उत्तर खोटे नसेल. तरीही ते अपुरे आहे.

ज्ञानेश्वरी १२९० साली लिहिली गेली, तेव्हा महाराष्ट्रातील एकाही घरात मिरची नव्हती. स्वयंपाकाला तिखटपणा आणण्यासाठी मिरी, सुंठ आणि पिंपळी वापरीत. मिरचीचे मूळ घर आहे अमेरिका खंडात. मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडील मुलखात तेथील लोक हजारो वर्षांपासून तिची लागवड करीत आले आहेत. १४९२ साली कोलंबस मसाल्यांच्या देशाचा मार्ग शोधीत निघाला आणि अमेरिकेजवळच्या बेटांवर जाऊन पोहोचला. तेथे त्याला मिरी मिळाली नाही. मिळाली ती मिरची. पुढे पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे जिंकले आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. नव्या पाहुणीला लोकांनी जुन्याच ओळखीचे नाव दिले. संस्कृतात मिऱ्यांना 'मरिच' म्हणतात. 'मिरची' हा शब्द त्याच कुळातला आहे.

परंतु केवळ नाव दिल्याने पाहुणी घरची होत नाही. तिला आपल्या मातीत रुजवावे लागते, तिच्या सवयी समजून घ्याव्या लागतात. आपल्या पूर्वजांनी ते काम केले. आज जो मुलगा परसात मिरची लावतो, तो तेच काम पुन्हा नव्याने करीत असतो.

पावसाळी पिकासाठी मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी बी पेरावे. माती भुसभुशीत असावी आणि तिच्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळलेले असावे. बी बोटाच्या अर्ध्या पेराहून अधिक खोल टाकू नये. आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब वर येतात. येथेच नवशिका माळी पहिली चूक करतो. कोंब दिसताच त्याला इतका आनंद होतो, की तो सकाळी पाणी घालतो, दुपारी घालतो आणि निजण्यापूर्वी पुन्हा एकदा घालतो. चार दिवसांनी पाहावे तो रोपे जमिनीलगत सडून आडवी पडलेली! मातीत साचलेल्या ओलीत बुरशी वाढते आणि कोवळे खोड कुजते. रोपे पाण्यावाचून मेली नाहीत; ती मायेच्या अतिरेकाने मेली. मातीला बोट लावावे, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे, हा साधा नियम पाळला असता तर ती वाचली असती.

पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर उंच होते. मग सायंकाळी, ऊन उतरल्यावर, मुळांभोवतीच्या मातीसह ते उचलून कायमच्या जागी लावावे. दोन रोपांत हातभर अंतर ठेवावे. ज्यांना परस नाही, त्यांनी गच्चीवर किंवा खिडकीत कुंडी ठेवली तरी चालते. मात्र तिच्या तळाला पाणी निथळण्यासाठी भोक हवे. खताच्या बाबतीतही हात आखडता ठेवणेच हिताचे. नत्राचे खत फार झाले, तर झाड पानांनी डवरते, पण फुलांना विसरते.

लावणीनंतर दीड महिन्याच्या सुमारास पानांच्या बेचक्यांत लहान पांढरी फुले दिसू लागतात. ती लाजरीसारखी मान खाली घालून असतात. बहुतेक फुलांत परागकण त्याच फुलातील स्त्रीकेसरावर पडतात आणि फळ धरते. आणखी काही आठवड्यांनी हिरव्या मिरच्या तोडणीस येतात. त्या झाडावरच राहू दिल्या, तर लाल होतात.

या लाल रंगात आणि त्या तिखटपणात एक कोडे आहे. फळ लाल होते ते कोणी तरी येऊन खावे म्हणून. आणि तिखट असते ते कोणी खाऊ नये म्हणून! मग मिरचीची इच्छा तरी काय? उत्तर पक्ष्यांकडे आहे. मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. उंदरासारख्या सस्तन प्राण्यांना ते झोंबते. पक्ष्यांना त्याचा दाह मुळीच जाणवत नाही. सस्तन प्राणी दाढांनी बी चिरडून टाकतात. पक्ष्यांना दात नसतात. त्यांच्या पोटातून बी अखंड बाहेर पडते आणि दूरवर जाऊन रुजते. मिरची सर्वांशीच वैर धरीत नाही. आपले बी जो जपतो, त्याला ती दार उघडे ठेवते.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्या गरात तो सर्वांत अधिक असतो. तसेच मिरची खाल्ल्यावर आपण "तोंड पोळले" म्हणतो, तेही उगाच नव्हे. जिभेवरील ज्या चेतातंतूंना उष्णतेचा चटका कळतो, त्यांनाच कॅप्सेसिन जागे करते. डेव्हिड ज्यूलिअस या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे उलगडून दाखविले, आणि २०२१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून मिरची लागल्यावर पाणी पिऊन आग शमत नाही. दूध किंवा दही घेतल्याने ती उतरते. मिरची चिरल्यावर हात साबणाने धुवावे आणि ते डोळ्यांना लावू नयेत.

मिरचीच्या माळ्याची खरी परीक्षा पुढेच असते. एखाद्या सकाळी सर्वांत उंच, सर्वांत आधी फुललेल्या झाडाची पाने आकसलेली, वळलेली दिसतात. शेतकरी या रोगाला 'बोकड्या' किंवा 'चुरडा-मुरडा' म्हणतात. फुलकिडे आणि कोळी पानांतील रस शोषतात, त्यामुळेही पाने वळतात. अशा वेळी पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी आणि ते पाणी गाळून पानांवर दोन्ही बाजूंनी शिंपडावे. परंतु पांढरी माशी या रोगाचा विषाणूही पसरविते, आणि तो एकदा झाडात शिरला, की त्यावर औषध नाही. नवी पालवीही वेडीवाकडी येऊ लागली आणि झाड खुजे राहिले, तर ते मुळासकट उपटून परसाबाहेर नष्ट करावे लागते.

हे काम हाताला सोपे आणि मनाला फार कठीण असते. ज्या झाडाला आपण रोज पाहिले, ज्याचे पहिले फूल घरातील सर्वांना बोलावून दाखविले, त्यालाच उपटावयाचे! मुलगा म्हणतो, "आजी, आणखी दोन दिवस पाहू या." आजी शेजारच्या निरोगी झाडांकडे बोट दाखविते. दोन दिवस थांबले, तर माशी त्या झाडांवरही जाईल. मुलगा डोळे पुसतो आणि झाड उपटतो. त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने माळी होतो.

उरलेल्या झाडांपैकी सर्वांत निकोप झाडावरील चार-पाच उत्तम मिरच्या न तोडता पुरत्या लाल होऊ द्याव्या. त्या वाळवून, बी काढून, कोरड्या बाटलीत पुढील वर्षासाठी ठेवावे. शेकडो वर्षे असेच चांगले बी निवडीत गेल्यामुळे नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरची निराळी झाली आणि गोव्यातील काणकोणची खोला मिरची निराळी झाली. ज्या हातांनी हे बी निवडले, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांचे काम मात्र आपल्या रोजच्या जेवणात आहे.

पुढच्या मे महिन्यात तो मुलगा बाटलीतील बी तळहातावर घेईल. ते आता दूर देशीचे राहिलेले नाही, आणि बाजारचेही नाही. "मिरच्या कोठून आल्या?" या प्रश्नाला तो पूर्वीचेच उत्तर देईल, "आमच्या परसातून." आता मात्र त्या उत्तराचा पुरा अर्थ त्याला कळलेला असेल.

अभ्यास

१. 'ती मायेच्या अतिरेकाने मेली,' असे पाठात का म्हटले आहे?
२. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा यांतील कोडे कसे सुटते?
३. झाड उपटल्यावर मुलगा 'खऱ्या अर्थाने माळी' झाला, असे का म्हटले असावे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. घरी किंवा शाळेत मिरचीचे बी पेरा आणि दोन महिन्यांची नोंदवही ठेवा.