राखालचं दप्तर

कोलकात्यात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला दोन गोष्टी शेजारी लगेच सांगतात: मासे कुठल्या बाजारात घ्यावेत आणि मुलाला शिकवणीला कुणाकडे घालावं. मुलाला शिकवणी हवी आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. ती असणार, हे इथे गृहीतच धरलेलं असतं. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातली पहिली ते आठवीची ३०.५ टक्के मुलं पैसे भरून शिकवणीला जात होती. २०१८ मध्ये ती २६.४ टक्के होती. पश्चिम बंगालमध्ये मात्र हे प्रमाण जवळजवळ तीन-चतुर्थांशावर होतं. पाहणी खेड्यांतली आहे, म्हणजे शिकवणी ही काही बालीगंज आणि सॉल्ट लेकच्या पैसेवाल्यांचीच हौस राहिलेली नाही. इथल्या शाळा, इथले सर आणि इथल्या मराठी घरांमधली संध्याकाळ जवळून पाहिल्यावर माझं जे मत झालं आहे, ते नव्याने येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावंसं वाटतं. सहावी ते आठवीतल्या मुलाचं जे बिघडतं, ते बहुतेक वेळा विषयात बिघडलेलं नसतं, आणि म्हणून ते विषयाच्या शिकवणीने सुधारतही नाही. उलट ते दोन-तीन वर्षं झाकलेलं राहतं आणि नववीत एकदम उघडं पडतं.

पाचवीपर्यंत मुलाच्या दिवसाचा हिशेब एक-दोन बाई ठेवतात. सहावीत विषय सात-आठ होतात आणि शिक्षकही तितकेच. गणिताच्या सरांना ठाऊक नसतं की इतिहासाच्या बाईंनी आजच नकाशा काढून आणायला सांगितला आहे. वर्गाची वही वेगळी, गृहपाठाची वेगळी, रफ वेगळी, प्रोजेक्टची फाइल वेगळी; त्यात आपल्या मुलांना इंग्रजी, बांगला आणि हिंदी अशा तीन भाषा, तीन लिप्या आणि तीन वळणं. एवढं सगळं अकरा वर्षांच्या मुलाने डोक्यात ठेवावं, अशी अपेक्षा आपण करतो. प्रौढ माणूस यातलं निम्मंसुद्धा डोक्यात ठेवत नाही, तो मोबाइलमध्ये लिहून ठेवतो. मग मुलाला समीकरण येत असतं, पण वही घरी राहते. निबंध लिहिलेला असतो, पण द्यायचा दिवस टळून गेलेला असतो. चाचणी कशाची आहे हे सकाळी पूल कारमध्ये बसल्यावर कळतं. मार्क जातात ते इथे. गुणपत्रिकेवर मात्र 'गणित कच्चं' एवढंच दिसतं, आणि आपण गणिताचे सर शोधायला निघतो.

बंगालला हा मुलगा नवा नाही. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या १८५५ च्या 'वर्णपरिचय' या अक्षरओळखीच्या पुस्तकात दोन मुलं आहेत. गोपाल हा शहाणा, सांगितलेलं ऐकणारा. राखाल त्याच्या उलट. राखालच्या दोषांमध्ये एक असा की अभ्यासाची पुस्तकं तो कुठे टाकतो याचा पत्ता नसतो. कधी ती पाठशाळेत राहतात, कधी वाटेत हरवतात. दीड शतकाहून अधिक काळ बंगाली मुलं अक्षर शिकता शिकता हेही शिकत आली की पुस्तक हरवणं हा स्वभावाचा दोष आहे. आपल्याकडेही 'वेंधळा', 'धांदरट' ही विशेषणं मुलाला चिकटवताना आपण तेच करतो. गंमत अशी की रवींद्रनाथांनी १८९५ मध्ये विद्यासागरांवर लिहिताना म्हटलं होतं की गोपाल बंगालमध्ये पुष्कळ आहेत आणि विद्यासागर स्वतः लहानपणी राखालच्याच जवळचे होते. पुस्तक हरवणाऱ्याच्या शीलाची चर्चा थांबवून त्याला पुस्तक ठेवायची रीत शिकवावी, एवढाच माझा मुद्दा आहे. पोहणं येत नाही म्हणून आपण कुणाला दुर्गुणी म्हणत नाही. वेळ आणि वस्तू सांभाळणं हेही शिकवावं लागतं, आणि नेमकं तेच कुठल्याच तासाला शिकवलं जात नाही.

आता शिकवणी काय करते ते पाहा. सर सांगतात आज काय करायचं. सर सांगतात कुठली वही आणायची. परीक्षेआधी सर 'सजेशन' देतात, म्हणजे काय वाचायचं आणि काय सोडायचं हेही तेच ठरवतात. शाळेचा गृहपाठ सरांच्या घरी सतरंजीवर बसून उरकला जातो आणि त्यावर सरांचा गृहपाठ वेगळा मिळतो. आठवड्याचे पाच दिवस हे चाललं की मुलाची संध्याकाळ पूर्णपणे दुसऱ्याने आखलेली असते. मोकळा तास समोर आला तर त्यात आधी काय करावं, हा प्रश्न त्याला आयुष्यात पडलेलाच नसतो. शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ सांगितला आहे. अमेरिकेतले गृहपाठाचे अभ्यासक हॅरिस कूपर इयत्तेमागे दहा मिनिटं असा ढोबळ हिशेब सांगतात. सहावीला तोही तासभरच होतो. पण हा तास शाळेच्या गृहपाठाचा. शिकवणीचे दोन तास आणि त्यावरचं लिखाण कुठल्याच धोरणाच्या मोजमापात येत नाही. १९९३ च्या यशपाल समितीने तर प्राथमिकला गृहपाठ नको आणि वरच्या वर्गांना द्यायचाच झाला तर पाठ्यपुस्तकाबाहेरचा द्या, असं म्हटलं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकांना खाजगी शिकवणीची बंदीच आहे. अमर्त्य सेन यांच्या प्रतीची ट्रस्टने बंगालमधल्या शिकवणीच्या रोगावर वर्षानुवर्षं लिहिलं. एवढं सगळं कागदावर असताना गल्लीगल्लीतल्या पाट्या कमी झालेल्या दिसत नाहीत.

शिकवणी नको म्हटलं की आई-वडील स्वतः शेजारी बसतात, आणि इथे दुसरा इशारा द्यावा लागतो. एरिका पटॉल, कूपर आणि जॉर्जियान रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये पालकांच्या गृहपाठातल्या सहभागावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. लहान वर्गांत आणि हायस्कूलमध्ये पालकांच्या सहभागाचा यशाशी संबंध चांगला दिसला. मधल्या वर्गांत तो उलटा निघाला. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांच्या २००९ च्या पन्नास अभ्यासांच्या आढाव्यातही, खास मधल्या वर्गांच्या बाबतीत, पालकांचा इतर सहभाग उपयोगी ठरला, मात्र गृहपाठात केलेली मदत त्याला अपवाद होती. यावर जाणकार वाचक लगेच म्हणेल की ज्याचं अडतं त्यालाच मदत मिळते, तेव्हा मदतीमुळे मार्क घसरले असं कसं म्हणता? हरकत योग्य आहे. केवळ संबंधावरून कारण ठरत नाही, आणि मीही ठरवत नाही. पण पटॉल यांच्या आढाव्यातला आणखी एक निष्कर्ष या हरकतीतून सुटून उरतो. पालक करत असलेल्या निरनिराळ्या गोष्टींमध्ये यशाशी अधिक घट्ट नातं दिसलं ते नियम घालून देण्याचं, म्हणजे गृहपाठ केव्हा आणि कुठे करायचा हे ठरवून देण्याचं. अडणाऱ्या मुलाच्या घरीही नियम असतातच. नुसती अडचण हेच सगळ्याचं कारण असतं, तर नियमांचं नातंही तितकंच वाईट दिसायला हवं होतं. शिवाय बारा वर्षांच्या मुलाला आईने शेजारी बसणं हा अपमान वाटतो, हे कळायला संशोधन लागत नाही.

इथे कोलकात्यातल्या मराठी पालकाला एक अनपेक्षित सोय आहे. त्याला बांगला वाचता येत नाही. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात चार आया जमल्या की या गोष्टीचं दुःख हटकून निघतं: मुलाच्या वहीत काय लिहिलंय तेच कळत नाही, मग शिकवणीशिवाय गत्यंतर काय? मला यात फायदा दिसतो. जी वही वाचता येत नाही तिच्यातला मजकूर सुधारण्याचा मोह होत नाही. तारीख घातली आहे का, काल जिथे थांबलं त्यापुढे पान भरलं आहे का, बाईंची लाल सही आहे का, सहीखाली काही लिहिलं असेल तर त्याचं काय केलं, एवढं विचारायला लिपी यावी लागत नाही. आणि वहीत काय आहे ते मुलाला मराठीत सांगावं लागतं. सांगताना जिथे तो अडखळतो तिथे त्याला धडा समजलेला नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. बांगला भाषेची शिकवणी लावावी लागली तर जरूर लावा, ती खरी गरज आहे. पण बांगलाच्या अडचणीचं बोट धरून भूगोल आणि गणिताचेही सर घरात येतात, तेव्हा सावध व्हावं.

मग करायचं काय? दप्तर, नोंद आणि वेळ या तीनच ठिकाणी पालकाने लक्ष घालावं. त्यातलं दप्तर सर्वांत सोपं. प्रत्येक विषयाला एकाच रंगाचं वेष्टण आणि सुट्या कागदांना एकच फाइल. झेरॉक्सचे कागद वहीच्या पोटात जाता कामा नयेत. दप्तर रात्री भरायचं, तेही मुलानेच. नोंदीचं काम अवघड आहे, कारण शाळेची डायरी असते आणि तरी ती कोरी असते. याला आयांचा व्हॉट्सअॅप गट जबाबदार आहे. आज काय दिलंय हे रात्री नऊला गटावर विचारून मिळतं, तोवर मुलाने डायरीत लिहायची गरजच काय? गटातून बाहेर पडा असं मी म्हणत नाही, सहलीचे आणि सुट्टीचे निरोप तिथेच येतात. पण गृहपाठ तिथे विचारायचा नाही, हे मुलाला आधी सांगून टाकावं आणि पाळावं. पहिल्या पंधरवड्यात दोन-चार शेरे येतील. ते येऊ द्यावेत. सहावीतला शेरा स्वस्त असतो. राहिली वेळ. 'रोज अभ्यास कर' याला काही अर्थ नाही; 'खाऊन झालं की आधी डायरी उघडायची, आणि डायरीत लेखी काम असेल तर ते पहिलं' याला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की अमुक झालं की तमुक करायचं, असं आधी ठरवलेलं काम नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा पार पडतं. पुढे ९४ चाचण्यांच्या आढाव्यातही तेच दिसलं.

ही कौशल्यं खरोखर शिकवता येतात का, याचाही पुरावा आहे, जरा मर्यादित. अमेरिकेत जोशुआ लँगबर्ग यांनी अवधानाची अडचण असलेल्या मधल्या वर्गांतल्या मुलांसाठी दप्तर, गृहपाठाची नोंद आणि नियोजन शिकवणारा कार्यक्रम तयार केला. शाळेच्या वेळेतच, छोट्या छोट्या बैठकांमधून. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा पालकांच्या नोंदीत स्पष्ट सुधारणा होती, शिक्षकांच्या नोंदीत तितकी नव्हती. मुलं वेगळी, देश वेगळा, म्हणून यावर इमला बांधू नये. एवढं मात्र दिसतं की ज्यांना हे सर्वांत कठीण जातं त्यांनाही सरावाने काही प्रमाणात जमतं. रीत लावून दिली, महिनोन्महिने धीर धरला, तरी मूल रोज रडत असेल, ओळी गाळून वाचत असेल, दहा मिनिटं एका जागी टिकत नसेल, तर मात्र वळण लावत बसू नये. तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं.

सर्वांत वजनदार आक्षेप अजून बाकी आहे. वर्गातली सगळी मुलं शिकवणीला जातात, शिक्षकही ते गृहीत धरून भराभर पुढे सरकतात. मग माझ्याच मुलाने मागे का पडावं? आणि ज्या घरात कुणीच शाळेत गेलेलं नाही, त्यांना हे सगळं सांगणं म्हणजे पोट भरलेल्यांचा उपदेश नाही का? दुसऱ्या प्रश्नापुढे मी गप्प बसते. जिथे शाळा शिकवत नाही आणि घर शिकवू शकत नाही, तिथे वस्तीतला शिकवणी घेणारा मास्टरमशाईच खरी शाळा असतो, आणि ती लाज असेल तर व्यवस्थेची आहे. पण हा लेख वाचणाऱ्या घरांचा प्रश्न बहुधा पहिला आहे. त्यांनी शिकवणी एका, फार तर दोन विषयांपुरती ठेवावी, आठवड्यातल्या निदान तीन संध्याकाळी मोकळ्या राखाव्यात आणि सरांना एक अट घालावी: शाळेचा गृहपाठ तुमच्याकडे करून घ्यायचा नाही, मूल जे अडलेलं घेऊन येईल तेवढंच समजावायचं. काय अडलंय हे आधी मुलाने चिठ्ठीवर लिहून न्यावं. बरेच सर याला नाराज होतात, कारण चिठ्ठी कोरी आली तर त्या दिवशी त्यांना काम उरत नाही. जे तयार होतील ते सर धरून ठेवावेत.

या सगळ्याचा खरा कस पूजेच्या सुट्टीत लागतो. सुट्टी लांब, प्रोजेक्ट चार-पाच, आणि शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री कोलकात्यातल्या किती घरांत आईवडील थर्मोकोल कापत बसलेले असतात ते सांगायला नको. महालयाच्या आधी मुलाला एक कॅलेंडर द्यावं आणि त्यात षष्ठी ते दशमीवर त्यालाच फुली मारू द्यावी. त्या दिवसांत काम होणार नाही हे सगळ्यांनी मान्य करावं. उरलेल्या दिवसांवर प्रत्येक प्रोजेक्टचे तुकडे त्याने लिहावेत: माहिती कधी जमवणार, चार्ट पेपर कधी आणणार, लिहिणार कधी. पालकाने त्यावर एकच प्रश्न विचारावा, की एखादा दिवस चुकला तर तो भरून काढायला जागा कुठे ठेवली आहेस. नंतर आठवड्यातून एकदा कॅलेंडर पाहावं, चार्टला हात लावू नये. तो वाकडा झाला तर वाकडा शाळेत जाऊ द्यावा.