फटफटी अडखळूं लागल्यास : कार्ब्युरेटरच्या दोषांचें निदान व पावसाळ्यांतील काळजी

शेतकऱ्याच्या दारीं बैलजोडी असो वा नसो, फटफटी मात्र हल्लीं बहुतेक ठिकाणीं दिसते. अंबरनाथ व बदलापूरच्या आसपासच्या गांवांतून पहांटे दूध किंवा भाजी घेऊन उल्हासनगर, कल्याणच्या बाजारास जाणारा शेतकरी पुष्कळदां तिच्यावरच जातो. माल नाशवंत, आणि भाव पहिल्या दोन तासांचा. अशा वेळीं गाडी वाटेंत धक्के देऊं लागली किंवा बंद पडली, म्हणजे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचें होत नाहीं. त्या दिवसाचा मालही हातचा जातो. यास्तव या दुखण्याचें निदान ज्याचें त्यानें कसें करावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

मुख्य गोष्ट आरंभींच सांगून ठेवतों. गाडी अडखळली कीं लगेच कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवूं लागणें हा उपाय नव्हे. दोष शोधण्यास क्रम आहे. जें सोपें व बिनखर्चाचें तें आधीं पहावें. कार्ब्युरेटर सर्वांत शेवटीं उघडावा. हा क्रम सोडल्यानें एका दोषाचे दोन दोष होतात व मूळचा कोणता हेंही मग कळत नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत धुराविषयींचे भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर नसून विजेच्या योगानें पेट्रोल फवारण्याची योजना असते. परंतु त्यापूर्वींच्या गाड्या खेड्यापाड्यांतून अद्याप पुष्कळ चालत आहेत. पुढील विवेचन त्या गाड्यांपुरतें आहे.

१. कार्ब्युरेटरचें काम

पेट्रोल जळतें तें हवेशीं मिसळून. वजनानें एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण राखण्याचें काम कार्ब्युरेटर करतो. डास मारण्याच्या जुन्या हातपंपांत हवेचा झोत नळीच्या तोंडावरून गेला कीं डब्यांतील औषध वर ओढलें जाऊन त्याचे तुषार होतात. तोच प्रकार येथें आहे. इंजिन हवा ओढतें, ती कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यांतून वेगानें जाते, तेथील दाब कमी होतो, आणि खालच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांवाटें वर येऊन हवेंत मिसळतें.

वाटींतील पेट्रोलाची पातळी कायम राखण्यासाठीं एक तरंगता फ्लोट असतो. घरच्या पाण्याच्या टाकींत चेंडू वर आला कीं नळ बंद होतो, त्याचप्रमाणें फ्लोट वर आला कीं त्याची सुई पेट्रोलाची वाट बंद करते.

पेट्रोल वर येण्याच्या वाटा तीन आहेत. गाडी जागेवर मंद चालू असतां स्लो जेटमधून, निम्म्या रेसवर लांब सुईच्या बाजूनें, आणि पूर्ण रेसवर मेन जेटमधून. लहान गाड्यांत स्लो जेटचें छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतें; त्यामुळें पहिला त्रास बहुधा तेथेंच होतो. या तीन वाटा नीट ध्यानांत ठेवाव्या. गाडी कोणत्या अवस्थेंत अडखळते, यावरून दोषाची जागा कळते.

२. पेट्रोल, मद्यार्क व पाणी

हल्लींचें पेट्रोल पूर्वींचें राहिलेलें नाहीं. त्यांत इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याचे पहिले प्रयोग सन २००१ मध्यें झाले. त्यांतील दोन ठिकाणें आपल्याच प्रांतांतील, मिरज व मनमाड, हीं होतीं. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत शेंकडा ५ मिश्रणाची योजना सुरू झाली. शेंकडा १० चें उद्दिष्ट जून २०२२ मध्यें, व शेंकडा २० चें सन २०२५ मध्यें गांठलें गेलें. हा मद्यार्क ऊस, मका व तांदूळ यांपासून होतो. म्हणजे एका अर्थीं तो शेतकऱ्याचाच माल आहे. त्यास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्याचे गुणधर्म जाणून न घेतल्यास जुन्या गाडीस त्रास होतो.

ते गुणधर्म असे. पहिला, मद्यार्कास जळण्यास हवा कमी लागते. वजनानें एका भागास सुमारें ९ भाग. जुना कार्ब्युरेटर शुद्ध पेट्रोलाच्या हिशेबानें बेतलेला असल्यामुळें मिश्रित पेट्रोलावर गाडीस इंधन थोडें कमी पडतें. दुसरा, कांहीं जुन्या रबरी नळ्या व वायसर त्यानें फुगतात किंवा चिरतात. तिसरा व आपल्या भागांत सर्वांत महत्त्वाचा, तो पाणी शोषून घेतो. थोडें पाणी पेट्रोलांत विरून जातें व दिसत नाहीं. मर्यादेबाहेर झालें कीं पाणी व मद्यार्क दोन्ही मिळून पेट्रोलापासून फुटतात आणि टाकीच्या तळाशीं बसतात. इंजिनास पेट्रोल तळांतूनच जातें, हें लक्षांत घेतलें म्हणजे श्रावणांत उभी राहिलेली गाडी पोळ्यास सुरू कां होत नाहीं, याचा उलगडा होतो.

३. तपासाचा क्रम

प्रथम सावधगिरी. पेट्रोलाचें काम उघड्या हवेंत, इंजिन थंड झाल्यावर करावें. जवळ विडी, चूल, कंदील नसावा; बादलीभर कोरडी वाळू किंवा माती हाताशीं ठेवावी.

(१) पेट्रोल. वाटीच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून थोडें पेट्रोल स्वच्छ कांचेच्या बाटलींत घ्यावें व पंधरा मिनिटें स्थिर ठेवावें. तळाशीं निराळा थर, गढूळपणा किंवा गाळ दिसल्यास टाकी रिकामी करून धुवावी. असें पेट्रोल विहिरीजवळ, ओढ्यांत किंवा शेतांत ओतूं नये.

(२) टाकीचें झांकण. झांकणास हवा आंत जाण्याचें बारीक छिद्र असतें. तें चिखलानें बुजल्यास गाडी दोन-चार किलोमीटर चालून बंद पडते व कांहीं वेळानें आपोआप सुरू होते. बंद पडतांच झांकण उघडावें. हवा ओढल्याचा आवाज आला तर दोष तोच. बदलापूरच्या बाजूच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या गाडीस नवा कार्ब्युरेटर बसविला, तरीही ती वाटेंत बंदच पडे. टांचणीनें हें छिद्र साफ करतांच ती सुरळीत चालूं लागली.

(३) कॉक व नळी. वाटीकडे जाणारी नळी काढून कॉक उघडल्यावर धार अखंड पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असल्यास कॉकची जाळी साफ करावी. ज्या गाडीचा कॉक इंजिनाच्या ओढीनें उघडतो, तिच्यांत इंजिन चालू नसतां धार येत नाहीं, हें ध्यानांत असावें.

(४) हवेचा फिल्टर. भातझोडणीच्या तुसानें व रस्त्याच्या धुळीनें तो भरतो. कागदी असल्यास आंतून बाहेर हलकी हवा मारावी किंवा बदलावा. स्पंजाचा असल्यास धुऊन, वाळवून, किंचित् तेल लावावें. फिल्टर काढून गाडी चालविणें म्हणजे धूळ थेट इंजिनांत घालणें होय.

(५) प्लग. प्लगचें टोंक फिकट तपकिरी असावें. काळें व काजळी धरलेलें असल्यास पेट्रोल जास्त; पांढरें पडलेलें असल्यास पेट्रोल कमी. टोंक घासून अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें ठेवावें. पुष्कळदां कार्ब्युरेटरवर आलेला आळ प्लगचाच असतो.

४. लक्षणांवरून निदान

वरील पांच गोष्टी ठीक असतील तरच कार्ब्युरेटरचा संशय घ्यावा. इंजिन गरम झाल्यावर चोक किंचित् ओढून पहावा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी जातें आहे, म्हणजे जेट चोंदलें आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरते आहे. अधिक बिघडली तर पेट्रोल जास्त जातें आहे. ही एक परीक्षा निम्मा तपास उरकते.

गाडी रेस सोडतांच बंद पडत असेल तर स्लो जेट पहावें. निम्म्या रेसवर गचके देत असेल तर सुई व तिची खांच पहावी. चढावर, भरल्या वजनानिशीं, पूर्ण रेसवर दम सोडत असेल तर मेन जेट किंवा पेट्रोलाची धार पहावी. रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजत असल्यास कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड चिरला आहे काय हें पहावें. इंजिन मंद चालू असतां त्यावर थोडें पाणी शिंपडावें, आवाज बदलला तर हवा तेथूनच शिरते. कार्ब्युरेटरखालून पेट्रोल गळत असल्यास फ्लोटच्या सुईखालीं कचरा अडकला आहे असें समजावें. पेचकसाच्या मुठीनें वाटीवर हलकेंच ठोकल्यास तो कधीं कधीं निघून जातो. गळती चालू असतां गाडी सुरू करूं नये.

५. कार्ब्युरेटर साफ करणें

कॉक बंद करून वाटींतील पेट्रोल काढून टाकावें. स्वच्छ फडकें पसरून त्यावर प्रत्येक भाग काढला त्या क्रमानें मांडावा व टिपून ठेवावा. मिश्रणाचा लहान स्क्रू काढण्यापूर्वीं तो अगदीं हलक्या हातानें आंत टेकेपर्यंत फिरवून किती वेढे झाले तें लिहून ठेवावें. बसवितांना तितकेच वेढे बाहेर ठेवावे. जोरानें आवळल्यास त्याचें टोंक व बैठक दोन्ही बिघडतात.

जेट धुण्यास स्वच्छ पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर-क्लीनर वापरावा व हवेच्या दाबानें छिद्र मोकळें करावें. पोलादी तार किंवा सुई कधींही घालूं नये. जेट पितळेचें असतें. छिद्र केसभर वाढलें तरी पेट्रोलाचें प्रमाण कायमचें चुकतें. फारच अडलें तर विजेच्या वायरींतील तांब्याचा एक पदर वापरावा. उजेडाकडे धरल्यावर छिद्र वाटोळें व स्वच्छ दिसलें पाहिजे. जेट बदलावयाचें झाल्यास त्यावर कोरलेला अंक पाहून तेंच अस्सल घ्यावें. नकली जेटावर अंक तोच असला तरी छिद्र त्या मापाचें असतेंच असें नाहीं.

मिश्रणाचा स्क्रू हवेच्या फिल्टरच्या बाजूस असल्यास तो बहुधा हवेचा असतो व आंत फिरविल्यानें पेट्रोलाचें प्रमाण वाढतें. इंजिनाच्या बाजूस असल्यास तो पेट्रोलाचा असतो व आंत फिरविल्यानें प्रमाण कमी होतें. हा भेद न जाणतां फिरविणारे गाडी उलट बिघडवितात. इंजिन गरम असतां पाव-पाव वेढा फिरवून, जेथें तें सर्वांत सुरळीत चालेल तेथें ठेवावा.

६. पुराचें पाणी शिरल्यास

उल्हास नदीचा पूर या भागास नवा नाहीं. २६ जुलै २००५ चा प्रलय सर्वांच्या स्मरणांत आहे. २७ जुलै २०१९ रोजीं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकून हजाराहून अधिक उतारूंस बाहेर काढावें लागलें. अशा वेळीं बुडालेल्या गाडीस पाणी ओसरतांच किक मारण्याचा मोह होतो, तो टाळावा. इंजिनांत पाणी असल्यास तें दाबलें जात नाहीं व आंतील दांडा वांकतो. प्रथम प्लग काढून किक हळूहळू दाबावी व पाणी बाहेर येऊं द्यावें. टाकी, वाटी व फिल्टर रिकामे करून वाळवावे. इंजिनाचें तेल दुधासारखें दिसल्यास तें बदलल्याखेरीज गाडी चालूच करूं नये.

७. दुखणें येऊं न देण्याचे नियम

पावसाळ्यांत टाकी भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेंतील दमट हवेचें पाणी होतें. गाडी महिनाभर उभी राहणार असल्यास कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. आठवड्यांतून एकदां झांकणाचें छिद्र व महिन्यांतून एकदां फिल्टर पहावा. घरीं एका वहींत पेट्रोल भरल्याची तारीख, चाललेले किलोमीटर व केलेली दुरुस्ती टिपावी. एका लिटरास चालणारें अंतर हळूहळू घटूं लागलें, तर गाडी बंद पडण्याच्या कितीतरी आधीं ती वही आपणांस सूचना देते.

इतकें करूनही दोष न सांपडल्यास मिस्त्रीकडे अवश्य जावें. परंतु जातांना गाडी कोणत्या अवस्थेंत अडखळते व आपण काय काय पाहिलें, तें त्यास क्रमानें सांगावें. ज्यास स्वतःच्या गाडीचें दुखणें नेमकें सांगतां येतें, त्याच्या गांठचा पैसा अनावश्यक भागांवर सहसा खर्च होत नाहीं.