‘शेंगदाणे देणार नाही’ एवढं पुरेसं आहे का?

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पाळणाघरातल्या ताई म्हणतात, ‘आम्ही शेंगदाणे देणारच नाही, निश्चिंत राहा.’ यावर विसंबून राहावं का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : नाही. ताईंच्या मनात काही खोट नाही, पण आपल्या स्वयंपाकात शेंगदाणा दिसतो कमी आणि असतो जास्त. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत तो कूट होऊन बसलेला असतो. चतुर्थीला शेजारच्या मुलाच्या डब्यात खिचडी असते आणि तेच हात लगेच खेळण्यांना लागतात. म्हणून डबा घरचाच, चमचा वेगळा आणि खाऊन झाल्यावर सगळ्याच मुलांचे हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही.

तरीही चूक होते. २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या एका पाळणाघरात तीन वर्षांच्या मुलाला चीज सँडविच दिलं गेलं. त्याला दुधाची ॲलर्जी आहे, हे तिथे माहीत होतं. ते मूल दगावलं. त्यानंतर २०१९मध्ये त्या राज्याने पाळणाघरांसाठी कायदाच केला.

म्हणून त्रास झाल्यावर काय करायचं, हे आधी ठरायला हवं. अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसूल चोळतात. पण ॲलर्जीचा पदार्थ पोटात गेल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, घरघर लागली, उलट्या झाल्या किंवा मूल एकाएकी मलूल पडलं, तर आमसुलात वेळ घालवू नये. ॲलर्जीच्या सिरपने खाज कमी होते, आवळलेला श्वास मोकळा होत नाही. त्याला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते आधी द्यायचं, मग १०८ला फोन, मग तुम्हाला. मुलाला आडवं झोपवून पाय उंच ठेवायचे. धाप लागली असेल तर बसू द्यायचं, पण चालवायचं नाही. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस लागू शकतो. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

अ‍ॅड्रेनलिनचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे वजनानुसार डोस किती आणि तो कसा भरायचा, हे बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि ताईंना सोबत नेऊन शिकवा. औषध कुलपात ठेवू नका. ते कुठे आहे आणि कोण देणार, हे ताईंना आजच विचारा. उत्तर लगेच आलं नाही, तर हे शिकणं होईपर्यंत मुलाला तिथे ठेवू नका.