खोलीतून अंतराळात

मॉस्को शहरातील एका सामाईक घराच्या लहानशा खोलीत एक मनुष्य एकटाच राहत असे. एके रात्री तो आपल्या खोलीच्या छतातून थेट अंतराळात निघून गेला. मागे राहिले ते छताला पडलेले भगदाड, जमिनीवर विखुरलेला गिलावा, स्प्रिंगांना व रबरी पट्ट्यांना टांगलेले एक आसन, एक साधी खाट आणि जुन्या बुटांचा एक जोड. अधिकारी आले, त्यांनी दाराला फळ्या ठोकल्या आणि खोली बंद केली.

ही हकीकत घडलेली नाही. इल्या काबाकोव या चित्रकाराने १९८५ साली रचलेल्या ‘आपल्या खोलीतून अंतराळात उडून गेलेला माणूस’ या कलाकृतीचे हे कथानक होय. या प्रकारच्या कृतीस आपल्याकडे मांडणशिल्प म्हणतात. त्यात चित्राची चौकट नसते व मूर्तीचा चौथराही नसतो. खऱ्याखुऱ्या वस्तू मांडून एक संपूर्ण जागाच उभी केलेली असते आणि प्रेक्षक तिच्या आत शिरतो किंवा बाहेरून डोकावतो. येथे त्याला डोकवावेच लागते, कारण फळ्यांच्या फटींतून जेवढे दिसेल तेवढेच त्याच्या वाट्याला येते. आत भिंतीवर सोव्हिएत प्रचाराची रंगीत भित्तिपत्रके दाटीने चिकटवलेली आहेत. शेजारीच त्या वस्तीची एक छोटी प्रतिकृती आहे, आणि तिच्यातील एका घराच्या छपरातून निघालेली तार उड्डाणाचा मार्ग दाखवते. खोलीबाहेरच्या भिंतीवर शेजाऱ्यांच्या जबान्या लावलेल्या आहेत. त्यांवरून कळते की, या माणसाची एक ठाम समजूत होती. विश्वात ऊर्जेचे प्रचंड प्रवाह वर वर वाहत असतात. माणसाने योग्य क्षणी, पुरेशा जोराने स्वतःस त्यांत झोकून दिले की पुढचे काम ते प्रवाहच करतात. त्याने गणिते मांडली होती, आकृत्या काढल्या होत्या, आणि छत आड येऊ नये म्हणून त्याच क्षणी ते उडवून देण्याची दारूही पेरून ठेवली होती.

हे सारे वाचून प्रथम हसू येते. परंतु रशियाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या विचारांचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्याचे हसू फार काळ टिकत नाही. या वेड्या माणसाच्या डोक्यातील कल्पनेला एक थोर व विलक्षण पूर्वज होता, आणि त्या पूर्वजाची ओळख करून घेतल्यावाचून काबाकोवची खोली नीट उमगत नाही.

निकोलाय फ्योदोरोव (१८२९–१९०३) हे मॉस्कोच्या रुम्यान्त्सेव संग्रहालयातील ग्रंथपाल होते. एका राजपुत्राचे ते अनौरस पुत्र. त्या राजपुत्राचे आडनाव गागारीन होते, हा मात्र निव्वळ योगायोग. पुढे प्रसिद्धीस आलेल्या अंतराळवीराशी त्याचा काही संबंध नाही. फ्योदोरोव यांची राहणी संन्याशाची होती. पगार ते वाटून टाकीत, उघड्या पेटाऱ्यावर निजत, आणि कोणास आपले चित्र काढू देत नसत. लिओनिद पास्तरनाक या चित्रकाराने वाचनालयात त्यांच्या नकळत रेखाटने केली, म्हणून त्यांचा चेहरा आज आपणास ठाऊक आहे. तल्स्तोय आणि दस्तयेव्स्की हे दोघेही त्यांच्या विचारांनी प्रभावित झाले होते. त्यांचे लेखन शिष्यांनी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केले. त्याचा पहिला खंड १९०६ साली निघाला, आणि त्याच्या प्रती विकण्यासाठी नव्हत्या.

फ्योदोरोव श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. मृतांचे पुनरुत्थान होईल हे ख्रिस्ती धर्माचे वचन त्यांना अक्षरशः मान्य होते. फरक इतकाच की, ते घडून येण्याची वाट पाहणे त्यांना मान्य नव्हते. ख्रिस्ताचे पुनरुत्थान हा केवळ पूजेचा विषय नसून माणसाला नेमून दिलेल्या कामाचा पहिला दाखला आहे, असे ते मानीत. मृत्यू हा त्यांच्या मते अटळ नियम नव्हता. निसर्गाच्या आंधळेपणाचा तो परिणाम होता आणि तो आंधळेपणा विज्ञानाने दूर करावयाचा होता. आपण ज्यांच्यामुळे जगलो, त्या वाडवडिलांना विसरून केवळ पुढच्या पिढ्यांच्या सुखाच्या गोष्टी करणे यास ते अनीती समजत. मुलांनी बापाचे ऋण फेडावयाचे म्हणजे त्याला परत जिवंत करावयाचे. त्याच्या देहाचे विखुरलेले कण शोधून काढावयाचे आणि पुन्हा एकत्र आणावयाचे. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. सर्व मानवजातीने युद्धे सोडून त्यास लागले पाहिजे. म्हणूनच त्यांनी त्याला ‘सर्वांचे सामाईक कार्य’ असे नाव दिले.

आता साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. आजवर मेलेले सर्वजण परत आले, तर त्यांनी राहावयाचे कोठे? फ्योदोरोव यांचे उत्तर सरळ होते. आकाशातील इतर ग्रह रिकामे आहेत; तेथे जावे. अंतराळप्रवासाची गरज त्यांना पटली ती साहसाच्या ओढीने नव्हे. शत्रूवर मात करण्यासाठी तर मुळीच नव्हे. जागेची अडचण सोडविण्यासाठी पटली. थोडक्यात, अंतराळ हा त्यांच्या दृष्टीने घरांचा प्रश्न होता!

१८७३ साली व्यात्का शहरातून आलेला सोळा वर्षांचा एक जवळजवळ बहिरा मुलगा मॉस्कोच्या ग्रंथालयात रोज येऊन वाचत बसे. फ्योदोरोव यांनी त्याला पुस्तके मिळवून दिली. हाच मुलगा म्हणजे पुढे कालुगा येथे शाळामास्तरकी करणारा कॉन्स्तांतीन त्सिओल्कोव्स्की. अग्निबाणाच्या साहाय्याने पृथ्वीबाहेर कसे जाता येईल याचे शास्त्रीय विवेचन करणारा त्याचा निबंध १९०३ साली, म्हणजे फ्योदोरोव वारले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. गुरूची धर्मश्रद्धा शिष्याने जशीच्या तशी घेतली असे म्हणता येत नाही. त्याचे विश्वाविषयीचे विचार निराळ्याच वळणाचे होते. पण अग्निबाणाच्या समीकरणांच्या पाठीशी मोक्षाची आस उभी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सोव्हिएत राज्याने समीकरणे घेतली आणि आस पुसून टाकली. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारीनने १०८ मिनिटांचे उड्डाण केले. आपल्याला वर देव दिसला नाही, असे तो म्हणाल्याचे जगभर सांगितले जाते. त्याच्या उड्डाणातील नोंदलेल्या संभाषणात मात्र असे वाक्य नाही. त्याच्यामागून गेलेल्या गेरमान तितोवने १९६२ साली अमेरिकेतील सिॲटल येथे तशा आशयाचे उद्गार काढले खरे. व्लादिमिर मेन्शिकोव यांच्या १९७५ च्या भित्तिपत्रकात तर प्रार्थनामंदिरांच्या घुमटांवर तरंगणारा हसतमुख अंतराळवीर आहे, आणि ठळक अक्षरांत ‘देव नाही!’ असे शब्द आहेत. भारतीय वाचकाला हे भांडण काहीसे परके वाटण्याचा संभव आहे. केरळातील थुंबा येथे २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण सुटला, तेव्हा ख्रिस्ती कोळ्यांनी आपले सेंट मेरी मॅग्डलिन चर्च बिशपांच्या विनंतीवरून शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केले होते, आणि पहिले अग्निबाण तेथेच जुळवले गेले. आज त्या इमारतीत अंतराळ-संग्रहालय आहे. रशियात चर्चच्या इमारती वेगळ्या रीतीने रिकाम्या झाल्या.

काबाकोवच्या खोलीकडे आता पुन्हा वळू. त्या खोलीतील माणूस राज्याचे स्वप्न घेतो, परंतु राज्याची परवानगी घेत नाही. भित्तिपत्रकांवर सारे राष्ट्र आकाशाकडे निघालेले दिसते. प्रत्यक्षात निघतो तो एकटा, तोही घरातील सामान जोडून केलेल्या यंत्रावर. फ्योदोरोव यांचे कार्य सर्वांचे होते. या माणसाला शेजाऱ्यांच्या कोलाहलातून सुटायचे आहे. समीक्षक बोरिस ग्रॉइस यांनी २००६ साली या एकाच कृतीवर एक पुस्तक लिहिले आणि तीमागील फ्योदोरोव-परंपरेकडे लक्ष वेधले. ते योग्यच आहे. तथापि, केवळ विचारपरंपरेच्या अंगाने पाहिले तर या कृतीतील एक साधी व्यथा निसटून जाते.

सामाईक घर म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. एका घराच्या प्रत्येक खोलीत एक बिऱ्हाड, आणि स्वयंपाकघर, न्हाणी व संडास सर्वांत मिळून. मुंबईच्या चाळीत निदान चूल तरी ज्याची त्याची असते. येथे तीही वाटून घ्यावयाची. काबाकोवचा जन्म १९३३ सालचा, गाव आजच्या युक्रेनमधील द्‌नीप्रो. मुलगा मॉस्कोच्या कलाशाळेत शिकत असताना त्याच्याजवळ राहता यावे म्हणून त्याची आई आपले घर सोडून आली. तिला त्या शहरात राहण्याचा परवाना नव्हता. मिळेल त्या कोपऱ्यात, चोरून, तिने दिवस काढले. पुढे १९९० साली ‘चक्रव्यूह : माझ्या आईचा आल्बम’ या मांडणशिल्पात त्याने तिच्याच आठवणी तिच्याच शब्दांत मांडल्या. ज्याने आईला जागेवाचून राहिलेले पाहिले, त्याच्या कलेत खोली हा विषय पुन्हा पुन्हा यावा यात नवल नाही.

शिवाय, रिकामी खोली आणि तिला ठोकलेल्या फळ्या यांचा त्या देशात एक दुसराही अर्थ होता. १९३० नंतरच्या दशकात रात्री माणसे उचलून नेली जात, सकाळी दाराला सरकारी मोहोर लागलेली असे, आणि शेजारी एकमेकांत कुजबुजत. काबाकोवने हा अर्थ कोठेही उघड सांगितलेला नाही. त्याने फक्त शेजाऱ्यांच्या जबान्या लावल्या आहेत. त्यांतील कोणीही तो माणूस पोहोचला असे खात्रीने सांगू शकत नाही, आणि मेला असेही नाही, कारण देह सापडलेला नाही. देह नसलेली समाधी ही ख्रिस्ती माणसाच्या परिचयाची गोष्ट आहे. ती श्रद्धेची खूण मानावी की अपघाताची, हे प्रेक्षकाने आपापल्या मनाशी ठरवावयाचे. अनेक टीकाकार या कृतीला निव्वळ उपहास समजतात. ते बरोबर वाटत नाही. उपहास करणारा कलावंत ते बूट इतक्या जपून ठेवणार नाही.

काबाकोवने १९८७ साली देश सोडला. पुढच्या वर्षी न्यू यॉर्क येथे ‘दहा पात्रे’ या प्रदर्शनात ही खोली पाश्चात्त्य प्रेक्षकांसमोर आली. आज ती पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. नंतरचे बहुतेक काम त्याने पत्नी एमिलिया हिच्यासह केले. २०२३ साली त्याचे निधन झाले.

त्याच्यानंतरच्या पिढीत फ्योदोरोव यांचे नाव उघडपणे घेतले जाऊ लागले. मॉस्कोत जन्मलेल्या व न्यू यॉर्कमध्ये वाढलेल्या अन्तोन विदोक्ल याने २०१४ ते २०१७ या काळात तीन लघुपट केले. त्यांतील दुसरा कझाकस्तानातील करागांदा येथे चित्रित झाला. सूर्यावरील डाग आणि मानवी इतिहासातील उलथापालथ यांचा संबंध लावू पाहणारा शास्त्रज्ञ अलेक्सांद्र चिझेव्स्की याने तेथेच कैद भोगली होती. तिसरा लघुपट मॉस्कोच्या संग्रहालयांत घडतो. भुसा भरलेले प्राणी, ग्रंथालयाच्या फडताळांच्या रांगा अशा वस्तूंमधून मृतांना परत आणण्याविषयीचा तो शांत स्वर ऐकू येत राहतो. संग्रहालय हे अडगळ साठविण्याचे ठिकाण नसून गेलेल्यांना परत आणण्याची ती पहिली पायरी आहे, हा फ्योदोरोव यांचाच विचार. विदोक्लचे चित्रपट कधीकधी फारच पाठ दिल्यासारखे बोलतात, हे कबूल केले पाहिजे.

मृतांचे ऋण या कल्पनेने रशियाबाहेरही एका कलावंतास झपाटले आहे. रॉबर्ट हेन्री लॉरेन्स हा अंतराळवीर म्हणून निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. जून १९६७ मध्ये त्याची निवड झाली आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला विमान अपघातात तो मरण पावला. अंतराळात तो कधीच गेला नाही. फ्लॉरिडातील अंतराळवीर-स्मारकावर त्याचे नाव कोरले जाण्यास तीस वर्षे लागली. बहामा बेटांवर जन्मलेल्या तव्हारेस स्ट्रॅचन याने त्याच्यासाठी चोवीस कॅरट सोन्याचे पात्र घडविले. प्राचीन इजिप्तमध्ये मृतांच्या देहातील अवयव अशा पात्रांत ठेवीत. येथे त्यावर लॉरेन्सचे मस्तक आहे. जपानमधील एका शिंतो मंदिरात त्याला आशीर्वाद देण्यात आला आणि लॉरेन्सच्या आत्म्याचे निवासस्थान म्हणून ते मानले गेले. कृतीचे नाव ‘एनॉख’, बायबलमधील त्या पुरुषाचे, ज्याला देवाने मरणावाचून उचलून नेले. ३ डिसेंबर २०१८ रोजी ते पात्र पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेले.

त्याच अग्निबाणातून ट्रेव्हर पॅग्लेन या अमेरिकन कलावंताचा एक चकाकणारा फुगाही गेला होता. तो कक्षेत फुगावा आणि जमिनीवरून ताऱ्यासारखा दिसावा, अशी योजना होती. त्यामागे श्रद्धेचा प्रश्न नव्हता. लष्करी व व्यापारी उपग्रहांनी भरलेले आकाश कोणाचे, एवढेच त्याला विचारावयाचे होते. अमेरिकन सरकारचे कामकाज नेमके तेव्हा थांबले, परवानगी रखडली, संपर्क तुटला आणि फुगा कधी उघडलाच नाही.

फ्योदोरोव यांना मॉस्कोतील एका मठाच्या स्मशानभूमीत पुरले होते. पुढे सोव्हिएत काळात ती स्मशानभूमी सपाट करण्यात आली. ज्याने एकेका मृताचा एकेक कण शोधून काढण्याचे स्वप्न पाहिले, त्याची कबर आज नाही.