गारेगार खाऊ, पण कुत्र्याला सोसेल असा

सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाणे नाहीत असं घर विरळाच. खीर, शिरा, श्रीखंड, सगळ्यात ते पडतात. त्यामुळे उन्हाळ्यात राहायला आलेल्या आत्तेबहिणीने उरलेलं श्रीखंड फ्रीजरमध्ये गोठवून आमच्या कुत्र्याला, बंड्याला दिलं, तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "अगं, घरचंच आहे, गारही आहे!" बंड्याने वाटी लख्ख केली.

मला कळताच मी पशुवैद्यांना फोन लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो श्रीखंडाचा नव्हे, त्यातल्या बेदाण्यांचा. किती होते, खाऊन किती वेळ झाला? लगेच बोलावून त्यांनी इंजेक्शनने उलटी करवली, सलाइन लावलं आणि पुढे मूत्रपिंडांचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहिले. वेळेत पोचलो म्हणून निभावलं.

द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, याचा भरवशाचा हिशेब नाही. एकाला पचतात, दुसऱ्याला थोडेही भोवतात. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचेचं सरबतही नको. चॉकलेट, कांदा, लसूण वर्ज्यच. 'शुगर फ्री' आइसक्रीम किंवा पीनट बटर देण्याआधी डब्यावरची यादी वाचा. त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असेल, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-पाऊण तासातही धोकादायक उतरू शकते, यकृतालाही इजा होते.

मग द्यायचं काय? बिया आणि साल काढलेल्या कलिंगडाचा गर, उकडलेला लाल भोपळा, पपई, बिनसाखरेचं दही पाण्यात घुसळून. दुधाने पुष्कळ कुत्र्यांना जुलाब होतात; दहीही आधी चमचाभर देऊन बघा. मांसाहारी घरात मीठ, मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेल्या चिकनचं पाणी चालतं, वरची चरबी मात्र काढून टाका. आंब्याचा रस थोडाच द्या आणि कोय हाती लागू देऊ नका, ती आतड्यात अडकते.

गोठवण्याची रीतही महत्त्वाची. दगडासारखा घट्ट बर्फ चावताना दाढ तुटू शकते. मिश्रण पसरट ताटलीत पातळ थरात लावा आणि देण्याआधी थोडा वेळ बाहेर ठेवा. नखाने दाबल्यावर खूण उमटली की द्या. कुल्फीसारखी काडी खोचू नका. कुत्रा काडीसकट गिळतो. असा सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या आहारातल्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

आणि हा खाऊ म्हणजे उष्माघातावरचा इलाज नव्हे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. धाप थांबेना, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, पाय लटपटले, तर खाऊ बाजूला ठेवा. सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा.

विषबाधेची शंका आली तर लक्षणं दिसायची वाट पाहू नका. मूत्रपिंडाचा त्रास दिसायला एक-दोन दिवसही लागतात. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढू नका, त्याने रक्तातलं मीठ वाढून वेगळाच धोका होतो. काय खाल्लं, अंदाजे किती, केव्हा आणि कुत्र्याचं वजन, एवढं डॉक्टरांना सांगा. पाकीट असेल तर सोबत न्या.